सिंहाच्या माथी

फिदेल्मो मान्सियाने आयुष्यात एकाही सिंहावर गोळी झाडली नाही. बंदुकीचा त्याला कंटाळाच. तिचा दणका खांद्याला बसतो आणि कान दिवसभर गुणगुणत राहतात, असं तो म्हणायचा. तरीही त्रेचाळीस सिंह त्याच्यामुळे मेले. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, तो स्वतःच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला नको वाटेपर्यंत सांगतो.

सिंह म्हणजे आमचा सिंह. त्याला आयाळ नाही, डरकाळी नाही, आणि अंगाचा रंग वाळक्या गवतासारखा. पुस्तकवाले त्याला प्यूमा म्हणतात. म्हणू देत बापडे.

फिदेल्मो मूळचा चिलोए बेटावरचा. तिथल्या पावसाला आणि बटाट्याला कंटाळून एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसला, तो इकडे दक्षिणेला मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर आला आणि इथलाच झाला. पस्तिसाव्या वर्षी त्याला ‘तीन खडक’चं ठाणं मिळालं. ठाणं म्हणजे पत्र्याची एक खोली, एक चूल, दोन घोडे, तीन कुत्री, एक रेडिओ आणि नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेल्या दोन हजार मेंढ्या. शेजारी म्हणावा तो रेमिहियो ओयार्सो, पुढच्या ठाण्यावरचा, घोड्यावरून तीन तासांवर. बायको ओतिलिया सहा वर्षं राहिली. मग पोरींच्या शाळेसाठी नातालेस गावात गेली. पोरींची शाळा संपली, त्यांची लग्नंसुद्धा झाली, पण ओतिलिया काही परत आली नाही. भांडण वगैरे नव्हतं. वाऱ्याला विटली होती बिचारी.

आता या कुरणाची रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. मेंढी मेली की ठाणेवाल्याने तिचं कातडं सोलून तारेवर वाळत टाकायचं. मोठ्या घरचा, म्हणजे मालकाच्या घरचा, माणूस येतो, कातडी मोजतो आणि प्रत्येकीमागे विचारतो, कशी मेली? बर्फात अडकून मेली तर तू वेळेवर खाली का आणली नाहीस? लोकरीच्या ओझ्याने उताणी पडून मेली तर तू होतास कुठे? फक्त सिंहाने मारलेल्या मेंढीचं कातडं कुणी मागत नाही. ते फाटलेलंच असणार. तिथे प्रश्न संपतो.

आणि उताणं पडणं ही आमच्याकडची रोजची कटकट. वसंतात मेंढीच्या पोटात कोकरू असतं, अंगावर वर्षभराची लोकर असते. एखाद्या खळग्यात अंग टाकते, लोळते, आणि चारी पाय आभाळाकडे. मग तिला स्वतःहून उठता येत नाही. पोट फुगतं. कारांचो पक्षी वाटच बघत असतात, ती जिवंत असतानाच डोळे काढतात. ठाणेवाल्याने रोज सकाळी घोड्यावरून सगळं रान पालथं घालायचं, दिसेल तिला लोकरीला धरून उभी करायची, पाय सुन्न झालेले असतात म्हणून घटकाभर आधार देऊन थांबायचं. बस, एवढंच काम. पण ते रोज करावं लागतं.

पहिल्याच वर्षी फिदेल्मो थोरल्या पोरीच्या बाप्तिस्म्यासाठी चार दिवस गावात राहिला. दोन दिवसांची परवानगी होती. परत येऊन पाहतो तर सात मेंढ्या उताण्या मरून पडलेल्या. त्याच दुपारी रेमिहियो माते, म्हणजे इकडचा कडू चहा, प्यायला म्हणून टपकला.

“काय रे, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?”

“सात मेल्या. उताण्या. मी गावात होतो.”

“कुणी पाहिलं?”

“कोण पाहणार इथे?”

“मग सिंहाने खाल्ल्या.”

“पण रेमिहियो...”

“पणबिण काही नाही. अरे बाबा, मेंढी उताणी मेली तर माणूस आळशी. बर्फात मेली तर माणूस बेफिकीर. आणि सिंहाने मारली तर माणूस बिचारा! बोल, तुला काय व्हायचंय?”

फिदेल्मोने बिचारा व्हायचं ठरवलं. संध्याकाळी सातला मोठ्या घरातून रेडिओवर हाक आली. पाचही ठाण्यांना एकामागून एक हाक मारतात आणि एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. “तीन खडक?” मालकांनी, म्हणजे आन्ते व्र्साल्कोंनी, विचारलं. (इकडे मान देऊन पुरुषाला ‘दोन’ आणि बाईला ‘दोन्या’ म्हणतात, म्हणून ते सगळ्यांचे ‘दोन आन्ते’.) “सात गेल्या, साहेब. सिंह.” पलीकडून एक शिवी आली, ती सिंहाला होती. फिदेल्मोचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याभरात अतालिवा कार्कामो पाच कुत्री घेऊन आला. अतालिवा हा सिंहमाऱ्या. चार-पाच कुरणांचं तेच काम करायचा. सिंह मारायला सरकारी बंदी येऊन तेव्हाही बरीच वर्षं झाली होती, पण सरकार बसतं लांब राजधानीत. रेडिओवर ‘मारा’ असं कुणी म्हणायचं नाही. ‘अतालिवाला पाठवतो’ एवढंच म्हणायचे, आणि सगळ्यांना काय ते समजायचं. त्या वेळी अतालिवाने दोन सिंह मारले. फिदेल्मोने त्याला कोकराचं मांस भाजून वाढलं. दोघांचं मेतकूट जमलं, इतकं की पुढे फिदेल्मोच्या दुसऱ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी अतालिवानेच हातावर धरलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात.

एकदा खोटं पचलं की ते सवयीचं होतं. वर्षामागून वर्षं गेली. पाय घसरून दरीत पडली, सिंह. कोकरू अडलं, सिंह. शेजारच्या कुरणातली मोकाट कुत्री फाडून गेली, सिंह. फिदेल्मो वाईट माणूस नव्हता हो. अडलेल्या मेंढीपाशी रात्र काढणारा माणूस तो. पण सातची हाक आली की जिभेवर तेवढा एकच शब्द यायचा. दर वसंतात अतालिवा यायचा, एखाददुसरं कातडं घेऊन जायचा. त्या सिंहांचं काय, हा विचार फिदेल्मोने केलाच नाही. मालकाला उत्तर मिळालं, सिंहमाऱ्याला काम मिळालं, ठाणेवाल्याचं ठाणं राहिलं. सगळे खूश.

मग ठाण्यावरच्या चोविसाव्या वर्षी घोडा घसरला आणि फिदेल्मोचा उजवा गुडघा घोड्याखाली आला. त्याने कुणाला सांगितलं नाही. वय साठीला टेकलेलं, गावात स्वतःचं घर नाही, ओतिलियाकडे जाऊन राहण्याचं तोंड नाही. गुडघा गेला हे मोठ्या घरी कळलं तर ठाणं गेलंच म्हणून समजा. मेंढीच्या चरबीने गुडघा चोळायचा, फडक्याने आवळायचा, आणि रोजची फेरी दिवसाआड, मग तीन दिवसांतून एकदा.

बसून राहण्याची वेळ आली तेव्हा त्याला ती सिंहीण दिसायला लागली.

तळ्यापलीकडे खडकाळ उतार आहे, तिथे ग्वानाकोंचे, म्हणजे उंटाच्या जातीतल्या रानजनावरांचे, कळप चरतात. सिंहीण तिथेच असायची. डाव्या कानाचा शेंडा फाटलेला. फिदेल्मो दारात खुर्ची टाकून, पाय पेटीवर ठेवून, दुर्बिणीतून बघत बसायचा. आधी वेळ जावा म्हणून, मग सवयीने. तिने ग्वानाकोवर घातलेल्या सहा झडपा त्याने पाहिल्या, त्यातल्या पाच फसल्या. एकदा तर ग्वानाकोने तिला अशी लाथ हाणली की बाई दोन दिवस लंगडत होत्या. “ये, तू पण बस पाय वर करून,” फिदेल्मो तिला इथूनच म्हणाला. पुढे तीन पिल्लं दिसली, अंगावर ठिपके असलेली. तिचं आणि मेंढ्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मेंढ्या तळ्याच्या अलीकडे, ती पलीकडे.

त्या वसंतात अडतीस मेंढ्या मेल्या. आजवर इतक्या कधी मेल्या नव्हत्या. फिदेल्मोला दिसत होतं की या साऱ्या उताण्या, साऱ्या त्याच्या न गेलेल्या फेऱ्यांमुळे मेलेल्या. पण सात वाजले, आणि आता दोन आन्तेंच्या जागी त्यांची मुलगी दोन्या नेवेन्का बोलायची. तिने विचारलं, “तीन खडक?”

“अडतीस, बाई.”

“अडतीस! फिदेल्मो, काय झालं काय?”

“सिंह,” तो म्हणाला. आणि वर, का कोण जाणे, जास्त खरं वाटावं म्हणून असेल, म्हणाला, “सिंहीण आहे. पिल्लं आहेत तिला. तळ्यापलीकडे.”

रेडिओ बंद केला आणि आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं. आजवर तो नुसता सिंह म्हणायचा. तो सिंह कुठला, कसला, काही नाही. या वेळी त्याने पत्ता दिला होता.

सोमवारी सकाळी अतालिवा दारात हजर. आता तोही साठीचा, दात निम्मे गेलेले, पण घोड्यावर ताठ.

“काय कोंपाद्रे, सिंहिणीने सगळा कळप फस्त केला म्हणे? तुला कसा सोडला?”

“माझं मांस चिवट.”

“ते खरंच. मलाही नको.”

दोघं निघाले. वाटेत कलाफातेच्या काटेरी झुडपांपाशी पहिली मेंढी पडली होती. पोट फुगलेलं, डोळे नाहीत, आणि खुरांपाशी माती उकरलेली, उठायची धडपड करून करून. मानेवर दाताचा एक ओरखडा नाही. आंधळ्यालाही कळलं असतं. अतालिवाने घोडा थांबवला, वरूनच एक नजर टाकली आणि म्हणाला, “हं. सिंह. चल पुढे.”

फिदेल्मो बघतच राहिला. अतालिवाला उतरून बघायचीसुद्धा गरज वाटली नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

तळ्याला वळसा घालून ते पलीकडे पोचले तशी कुत्र्यांना माग लागला. भुंकणं उतारावरून वर गेलं आणि एका जागी थांबलं. पोचून पाहतात तो सिंहीण एका कड्याच्या कपारीत पाठ टेकून उभी. कान मागे, दात बाहेर, आणि तिच्या मागे अंधारात डोळ्यांच्या तीन जोड्या. पळाली असती तर तिला वाट होती. पिल्लांना नव्हती. अतालिवा उतरला, बंदूक काढली, काडतूस भरलं. त्याच्या हातांना घाई अशी नव्हतीच कधी.

“थांब,” फिदेल्मो म्हणाला.

“का?”

“तिने नाही मारल्या.”

“बरं.” अतालिवाने बंदूक खांद्याला लावली.

“अरे ऐक ना! उताण्या मेल्या. सगळ्या. माझा गुडघा गेलाय, कोंपाद्रे. मी फेरीला जातच नाही. तीन-तीन दिवस जात नाही!”

अतालिवाने बंदूक खाली घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं. चिडला नव्हता. उलट त्याला थोडी गंमतच वाटली असावी.

“मला माहीत आहे.”

“गुडघ्याचं?”

“गुडघ्याचंही. आणि मेंढ्यांचंही. पहिल्या वर्षीच्या त्या सात उताण्याच होत्या ना? अरे, चाळीस वर्षं सिंह मारतोय मी. सिंहाने मारलेली मेंढी मला ओळखता येऊ नये? तो नरडं धरतो, फासळ्यांतून खातो, उरलेलं गवताने झाकून ठेवतो. तुझ्याकडे तसली मेंढी वर्षाला दोन, फार तर तीन पाहिली.”

“मग मारत का होतास?”

“तू सांगायचास म्हणून.” अतालिवा एका दगडावर बसला. “तू सांगायचास, मालक बोलवायचे, मी यायचो. मी म्हटलं असतं की हे सिंहाचं काम नाही, तर तू घरी गेला असतास आणि तुझ्यामागून मी. वर आणखी सांगू? त्या दोन-तीन होत्या ना, त्यातल्या बऱ्याचशा माझ्यामुळेच. आईला गोळी घातली की पिल्लं उरतात. काही उपाशी मरतात. जे जगतं त्याला ग्वानाको पाडायला कुणी शिकवलेलं नसतं, मग ते मेंढीवर येतं. म्हातारा नर मारला की त्याच्या जागेवर दोन तरणे येतात. मी जितके मारले तितकं मला काम मिळालं.”

“किती मारलेस? माझ्या रानात?”

“त्रेचाळीस.” त्याने जराही आठवल्यासारखं केलं नाही. “हिला धरलं तर चव्वेचाळीस. पिल्लं वेगळी, ती मी मोजत नाही.”

कुत्री भुंकतच होती. फिदेल्मो घोड्यावरून उतरला, म्हणजे जवळजवळ पडलाच, आणि लंगडत जाऊन अतालिवा आणि कपार यांच्यामध्ये उभा राहिला. त्याला रडू फुटलं होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

“बोलाव तुझी कुत्री.”

“बोलावतो. पण बाईंना काय सांगू? सापडली नाही म्हणू? मग पुढच्या महिन्यात दुसरा कुणी येईल, फासे लावेल, विष घालेल. माझ्यासारखा एका गोळीत संपवणार नाही तो.”

“मी सांगतो बाईंना.”

“तू?” अतालिवा हसला. “कोंपाद्रे, तुझी छाती आहे का तेवढी?”

पण त्याने शीळ घातली आणि कुत्री मागे घेतली.

त्या संध्याकाळी पावणेसातपासून फिदेल्मो रेडिओसमोर बसला होता. खोलीत चौफेर नजर फिरवायची नाही असं त्याने ठरवलं होतं, पण फिरलीच. सव्वीस वर्षं. चुलीवरचा किटलीचा काळा डागसुद्धा त्याचाच. हाक आली.

“तीन खडक?”

“बाई, त्या अडतीस सिंहाने मारल्या नाहीत. उताण्या मेल्या. मी फेरीला गेलो नाही.”

मग रेमिहियोचा आवाज मध्येच घुसला, “बाई, म्हाताऱ्याला आज जरा जास्त झालेली दिसते. लक्ष देऊ नका.”

“मी प्यायलेलो नाही,” फिदेल्मो म्हणाला. “आणि मागच्याही नव्हत्या. तुमच्या बाबांच्या वेळच्याही. वर्षाला दोन-तीन सोडल्या तर बाकी सगळं मी सिंहाच्या माथी मारलं. त्यापायी त्रेचाळीस सिंह मेले बाई, आणि त्यांनी काही केलं नव्हतं.” रेमिहियोचं नाव त्याने घेतलं नाही.

“उद्या येते,” नेवेन्का म्हणाली. त्या दिवशी तिने पुढच्या ठाण्यांना हाकच मारली नाही.

ती आली, गाडीतून उतरली, आणि मेंढ्यांऐवजी आधी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. फडकं सोडायला लावलं. गुडघा पपईएवढा झालेला.

“कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“सांगितलं का नाहीत? तुम्ही मला पहिल्यांदा घोड्यावर बसवलंत, फिदेल्मो. मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर ठाण्यावर ठेवलं असतंत?”

नेवेन्का खोटं बोलणारी नाही. “नाही,” ती म्हणाली. “आणि आताही ठेवता येणार नाही.”

त्याला मोठ्या घरी हलवलं. तिथे नेवेन्काने राखणीची मोठी पांढरी कुत्री आणली होती. त्यांची पिल्लं मेंढ्यांच्या वाड्यात, मेंढ्यांच्या अंगाशी वाढवायची, म्हणजे ती मेंढ्यांनाच आपलं घर समजतात आणि सिंहाला भुंकून लांब ठेवतात. गोळी नको, विष नको. विणीच्या दिवसांत मेंढ्या घराजवळच्या कुरणात आणायच्या, हेही ठरलं. पिल्लांकडे बघायचं काम फिदेल्मोला मिळालं. अट एकच, त्यांचे लाड करायचे नाहीत, नाहीतर ती माणसाच्या मागे फिरतात. ही अट त्याला फार जड गेली. खोटं कशाला सांगू, एक पिल्लू त्याने लाडाने बिघडवलंच. ते अजून त्याच्या पायाशी झोपतं आणि मेंढी दिसली की पळतं.

आणि नवा नियम आला. मेलेली प्रत्येक मेंढी बघायची, कशी मेली ते खरं सांगायचं, कुणाला त्यासाठी काढणार नाही. ठाणेवाल्यांना तो नियम म्हणजे संशय वाटला. त्यांनी त्याला ‘फिदेल्मोचं पाप’ असं नाव दिलं. कातरणीच्या वेळी सगळे जमले तेव्हा सगळ्यांनी पाळीपाळीने प्यायचं ते मातेचं एकच भांडं गोल फिरत होतं, ते फिदेल्मोपाशी येऊन त्याच्या नाकासमोरून पुढे गेलं. वाढणारा रेमिहियो होता. सव्वीस वर्षांचा शेजारी. फिदेल्मो उठून पिल्लांकडे गेला. फार लागलं त्याला ते, अजूनही लागतं.

पुढचा वसंत आला. तीन खडकवर आता येसेनिया बार्रिया ही नवी बाई होती, तिशीची, तोंडाने फटकळ. संध्याकाळी फिदेल्मो मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात तळलेल्या पावाचा तुकडा घेऊन बसला होता. सात वाजले.

“तीन खडक?” नेवेन्काने हाक मारली.

“या आठवड्यात चौदा, बाई. अकरा उताण्या, त्यातल्या चार माझ्या चुकीने, मी उशिरा पोचले. एक कोकरू अडून. आणि दोन सिंहाच्या.”

फिदेल्मोच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

“सिंहाच्या? नक्की?” नेवेन्काने विचारलं.

“नरड्यावर दात आहेत. वर गवत ओढलंय. ती फाटक्या कानाची आहे ना, तिच्या पोरांपैकी कुणीतरी असेल. अजून शिकतंय वाटतं.”

नेवेन्काने लिहून घेतलं. “बरं. दोन खाऊ दे. कुत्री एक रात्र त्या बाजूला ठेव. पुढचं ठाणं?”

झालं, एवढंच. स्वयंपाकीण कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली. कुणी शिवी दिली नाही, कुणाला बोलावणं गेलं नाही.

फिदेल्मोने हातातला पाव ताटात ठेवला. त्याच्या मनात दोन आन्ते आले, पाइप ओढत रेडिओसमोर बसलेले. त्या पहिल्या वर्षी आपण म्हटलं असतं, साहेब, सात उताण्या मेल्या, मी दोन दिवस जास्त राहिलो, पोरीचा बाप्तिस्मा होता. काय म्हणाले असते ते? हाकललं असतं कदाचित. शिव्या तर नक्कीच घातल्या असत्या. पण कदाचित म्हणाले असते, बरं, पुन्हा करू नकोस, पुढचं ठाणं? दोन आन्ते होते तोवर तो त्या माणसाला भीत राहिला आणि एकदाही त्याला खरं सांगून पाहिलं नाही. आता दोन आन्ते मरून नऊ वर्षं झाली होती, आणि ते काय म्हणाले असते हे फिदेल्मोला कुणीच सांगू शकणार नव्हतं.